पूरबांधाची पाहणी: या चुका टाळा

पाहणीची गाडी बांधाच्या माथ्यावरून या टोकाकडून त्या टोकाला जाते, फोटो निघतात आणि अहवालात ‘स्थिती समाधानकारक’ लिहिलं जातं. गावाकडच्या पायथ्याशी कुणी उतरतच नाही. माझ्या मते ही सर्वांत महागडी चूक. 2005 च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधल्या 17 व्या स्ट्रीट कालव्याची भिंत पाणी माथ्यावरून न जाताच कोसळली, कारण खालची मऊ माती सरकली होती. म्हणून पायथ्याने चालत जा.

पायथ्याशी पाझर दिसला की मी ते पाणी काचेच्या ग्लासात धरून ठेवतो. नितळ असेल तर जागेवर खूण करायची आणि धार वाढते का, यावर नजर ठेवायची. तळाशी गाळ बसला, तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे.

एका पुरात पायथ्यामागच्या शेतातून पाणी बुडबुडत वर येत होतं, भोवती बारीक वाळू साचली होती. एका उतावळ्या नवख्याने त्यावर चिकणमातीची पोती दाबली. पाणी थांबलं, सगळे खूश. थोड्याच वेळात काही पावलांवर त्याहून मोठं तोंड फुटलं. मग ती पोती उपसून दोन्ही तोंडांभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचलं आणि आत पाणी चढू दिलं. पातळी चढली तसा जोर ओसरला. पाणी नितळ येऊ लागल्यावर कडं वाढवणं थांबवलं. तोंड बुजवायचा शॉर्टकट कुणी सुचवला की मला आजही राग येतो.

गवत न कापता पाहणी करू नका, भेगा आणि बिळं दिसतच नाहीत. बिळाचं नुसतं तोंड लिंपू नका. शेवटापर्यंत खोदा आणि थराथराने माती कुटून भरा. बांधावर मोठी झाडं वाढू देऊ नका, मेल्यावर मुळं कुजून पोकळ्या राहतात. बांधाखालून पाणी काढणाऱ्या मोरीची झडप कागदावर ‘चालू’ असते. स्वतः उघडझाप करून बघा. माथ्याची उंची नजरेने ठरवू नका, लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) लावा. पाणी आधी खचलेल्या जागेवरूनच ओसंडतं.

पूर उतरला की पाहणी संपली, असंही समजू नका. पाणी झपाट्याने उतरतं तेव्हा नदीकडचा भिजलेला उतार घसरू शकतो. माथ्याच्या कडेने लांबवर गेलेली भेग ही त्याची खूण. ती दिसली की मी दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर मोजतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतो.