जेटला हात लावण्याआधी हवा शोधा : जुन्या टू-स्ट्रोक गाडीच्या दुरुस्तीत या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात फेरफटका मारला, तर एखाद्या घराच्या पोर्चमध्ये आवरणाखाली उभी असलेली जुनी यामाहा आरएक्स १०० हमखास दिसते आणि नशीब असेल तर एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० म्हणजेच आरडी ३५० सुद्धा दिसते. एक ९८ सीसीची, हलकी आणि तल्लख. दुसरी ३४७ सीसीची, दोन सिलिंडरांची, सहा गिअरची. दोन्ही टू-स्ट्रोक आहेत, दोन्हींमध्ये रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी, पण परत जाऊ न देणारी पातळ पट्ट्यांची झडप) आहे आणि दोन्हींचे इंजिन वय झाल्यामुळे जितके बिघडते त्याहून अधिक चुकीच्या दुरुस्तीमुळे बिघडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे कोणत्याही तक्रारीवर आधी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडणे. माझ्या आरएक्सची हकीकत सांगतो. मे महिन्याच्या दुपारी गाडी तापली की सिग्नलवर ॲक्सिलरेटर सोडल्यानंतरही इंजिन खाली बसत नसे, उलट आपोआप चढत जाई. मिस्त्रींनी आधी आयडलिंगचा (उभ्या गाडीत इंजिन मंद चालण्याचा) स्क्रू कमी केला आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे मुख्य बारीक छिद्र) एक नंबर मोठा बसवला. महिनाभर गाडी बरी वाटली. नंतर खंडवा रस्त्यावर सिमरोळच्या पुढे, भर वेगात असताना, मागचे चाक अचानक जाम झाले. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून मी बचावलो. सिलिंडर उघडला तेव्हा पिस्टनच्या एक्झॉस्टकडील बाजूवर उभे ओरखडे होते आणि वितळलेले ॲल्युमिनियम बोअरच्या (सिलिंडरच्या आतील पोकळीच्या) भिंतीला राखाडी पट्ट्यांसारखे चिकटलेले होते.

मूळ दोष मॅग्नेटो (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारे चाक) बाजूच्या, क्रँकच्या म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या शाफ्टच्या ऑइल सीलमध्ये होता. ते सील काढून हातात घेतले, तर त्याचा जो ओठ रबरासारखा मऊ असायला हवा तो नखासारखा कडक झालेला होता आणि अंगठ्याने दाबताच एके ठिकाणी तडकला. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते. त्यामुळे सील, बेस गॅस्केट (सिलिंडरच्या बुडाखालची पातळ चकती) किंवा कार्बोरेटरचा रबरी बूट यांपैकी काहीही चिरले, तर तेथून पेट्रोलविना नुसती हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, आणि पिस्टन प्रमाणाबाहेर तापतो. मेन जेटचा प्रभाव प्रामुख्याने पाऊण थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरच्या) वर असतो, मधला टप्पा कार्बोरेटरमधली नीडल म्हणजे सुई सांभाळते आणि आयडलिंगला पायलट जेट व एअर स्क्रू काम करतात. म्हणजे मोठा मेन जेट बसवून गळतीवर उपाय झाला नाही. ती फक्त काही दिवस लपली.

गळती शोधण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या उपकरणाचा फुगा आणि डायल पुरेसा होतो. सायलेन्सर काढून एक्झॉस्टचे तोंड जाड रबर व पत्र्याने बंद करावे, कार्बोरेटर काढून त्याच्या बुटात भोक पाडलेले रबरी बूच क्लिपने आवळून त्यातून नळी आत न्यावी, प्लग जागेवरच ठेवावा आणि काटा २५० ते २६० मि.मी. होईपर्यंत, म्हणजे साधारण ५ पीएसआयपर्यंत, हवा भरावी. त्याहून फार पुढे जाऊ नये, कारण चांगले सीलसुद्धा जागेवरून सरकू शकते. मिनिटाला ५० मि.मी.पेक्षा अधिक काटा उतरला तर कोठेतरी भोक आहे. मग बेस, हेड, बूट, रीड ब्लॉक आणि मॅग्नेटोमागचे सील यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. क्लचकडील सील बाहेरून दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑइलचे झाकण उघडून त्या तोंडावर साबणाचा पडदा धरावा, तो फुगला तर दोष तेथेच. या सीलची एक खूण गाडी चालवतानाही मिळते : बाहेर एक थेंबही गळत नाही, तरी गिअर ऑइल कमी होत जाते आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो. आरडीमध्ये दोन सिलिंडरांच्या मधला लॅबिरिंथ सील (रबरी ओठाऐवजी खाचा असलेला) हवा पूर्ण अडवत नाही, म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी बंद करूनच चाचणी घ्यावी, नाहीतर निष्कारण इंजिन उघडले जाते.

आरएक्सच्या मॅग्नेटो बाजूचे सील इंजिन न उघडता बदलता येते, मात्र मॅग्नेटो पुलरनेच (ओढून काढण्याच्या हत्यारानेच) काढावा. हातोडीने ठोकून काढल्यास क्रँकचे संरेखन बिघडते आणि त्याची किंमत नंतर बेअरिंगला मोजावी लागते. नवीन सीलच्या ओठाला ग्रीस लावल्याशिवाय ते शाफ्टवर चढवू नये.

जेटची गोष्ट गळती बंद झाल्यानंतरची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येत असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडे पातळ होतेच, म्हणून या टप्प्यावर जेट किंचित वाढवणे योग्य ठरते. हेच पेट्रोल टाकीच्या कॉकचे रबर, फ्लोट नीडलचे टोक आणि जुनी नळी फुगवते किंवा कडक करते. सुटे भाग घेताना इथेनॉल चालेल असेच मागावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी, कारण इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते.

बोअर करून (आतून कापून रुंद करून) आणल्यावर सिलिंडर लगेच चढवणे, ही मला सर्वांत जास्त दुःख देणारी चूक आहे. लेथवाला बोअर अचूक करतो, पण पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्यांच्या) कडा धारदार ठेवतो. त्या कानशीने व पॉलिश पेपरने किंचित गोल केल्या नाहीत, तर रिंग त्यात अडकून तुटते. बोटाचे टोक पोर्टच्या कडेवरून फिरवून पाहावे, जेथे खरचटते तेथे काम बाकी आहे. रिंगची तोंडे खाचेतील पिनेवरच येतात ना, पिस्टनवरील बाण एक्झॉस्टकडे आहे ना, हे दोनदा पाहावे. गजन पिनचे (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनचे) लॉक नेहमी नवेच वापरावे. शंभर रुपयांहून कमी किमतीचे ते लॉक निसटले तर पूर्ण सिलिंडर जातो.

आरडीच्या इग्निशनमध्ये दोन पॉइंट (उघडताच प्लगला ठिणगी देणारे संपर्क) आहेत, प्रत्येक सिलिंडरला एक. अनेक जण एकाचे टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, जुळवून दुसरे अंदाजाने बसवतात. पॉइंटचे अंतर आधी ०.३ ते ०.४ मि.मी. ठेवावे आणि मग टायमिंग पाहावे, कारण अंतर बदलले की टायमिंगही बदलते. डायल गेज प्लगच्या भोकातून लावून, पिस्टन वरच्या टोकापासून २ मि.मी. खाली असताना पॉइंट उघडतात का, हे दोन्हीकडे स्वतंत्रपणे तपासावे.

साइड कव्हरचे स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने काढू नयेत. ते जपानी जातीचे असतात, फिलिप्सचे टोक त्यांच्यातून वर सरकते आणि खाच झिजते. मग छिन्नी-हातोडी हाती येते आणि कव्हरच तडकते. जेआयएस (जपानी मानक) टोकाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर एकदाच घ्यावा.

ऑइल पंप काढून टाकून पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोकचे तेल) मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. पंप इंजिनाच्या वेगानुसार आणि थ्रॉटलनुसार तेल देतो, तर टाकीतले मिश्रण कायम एकाच प्रमाणात राहते. पंप बंद पडल्याची भीती बहुधा नळीतील हवेमुळे असते. तेलाची टाकी एकदा रिकामी झाली असेल तर पंपाची हवा काढूनच गाडी सुरू करावी आणि केबलची खूण जुळवावी. मिसळूनच चालवायची असेल, तर लांब उताराची विशेष काळजी घ्यावी. त्याच खंडवा रस्त्यावरचा भेरू घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून गाडी गिअरवर सोडली, तर इंजिन जोराने फिरते आणि पेट्रोलच आत जात नसल्यामुळे तेलही जात नाही. दर थोड्या अंतराने क्लच दाबून थ्रॉटल एकदा उघडावा, वेग ब्रेकने आवरावा; त्यासाठी पुढच्या ड्रमचे दोन्ही शू एकाच वेळी टेकतात की नाही, हे निघण्यापूर्वी चाक उचलून तपासून घ्यावे.