स्कायरिममध्ये धनुर्विद्या फुकटात वाढवा

स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये पैसे देऊन स्किल शिकावं तर सुरुवातीला खिशात सोनं नसतं. यावर रिव्हरवुड गावातला धनुर्विद्या शिकवणारा फेंडाल कामाला येतो.

१. फेंडाल आणि स्वेन दोघेही गावातल्या कॅमिलाच्या मागे असतात. स्वेनकडून फेंडालच्या नावाची खोटी चिठ्ठी घ्या आणि ती स्वेननेच लिहिल्याचं कॅमिलाला सांगून टाका.
२. मग फेंडालला भेटून हे सांगा आणि त्याला सोबती म्हणून घ्या.
३. त्याच्याकडे आर्चरीचं (धनुर्विद्येचं) ट्रेनिंग घ्या. तुमच्या एका लेव्हलला पाचच वेळा मिळतं.
४. लगेच त्याच्याशी सामानाची अदलाबदल उघडा. तुमचं सोनं त्याच्या पिशवीत पडलेलं असतं, काढून घ्या. पुन्हा तेच द्या.

यात तुमची लेव्हल वाढवणारे एक्सपीही (अनुभवाचे गुण) मिळतात. स्किल ज्या आकड्यावर पोहोचतं, तेवढे. म्हणजे आर्चरी २० वरून २५ वर नेली तर २१+२२+२३+२४+२५, एकूण ११५. लेव्हल ५ वरून ६ वर जायला २०० लागतात, त्यातले निम्म्याहून जास्त इथेच सुटले. फेंडाल आर्चरी ५० च्या पुढे मात्र शिकवत नाही.

लेव्हल वाढवण्याआधी पाचही वेळा उरकून घ्या. आणि लढाईत तो तुमच्या नेमाच्या आड आला तर बाण सोडू नका. तुमच्याच बाणाने मेला तर गुरुजीही गेले आणि त्यांच्याकडची शिकवणीही. आधी सेव्ह केलेलं बरं.