व्हीलचेअरवरच्या पाहुण्यांसाठी खोली करताय? या चुका टाळा

फोनवर विचारलं की बहुतेक हॉटेलांकडून एकच उत्तर येतं: “हो हो, रॅम्प आहे आपल्याकडे.” आई व्हीलचेअर वापरायला लागल्यापासून माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “बाथरूमच्या दाराची रुंदी मोजून सांगता का?”

कोकणातल्या एका हॉटेलात तो विचारायचा राहिला. खोली ऐसपैस, समोर समुद्र. पण बाथरूमच्या दारात पुढची छोटी चाकं आत गेली आणि मागची मोठी चाकं चौकटीला अडली. दोन दिवस आईचं अंग पलंगावरच पुसून काढलं. मालक मनापासून हळहळले, पण दार अडीच फुटी होतं. चौकट आणि दाराची जाडी वजा केली की जेमतेम 65 सेंटिमीटर उरतात, आणि साधी व्हीलचेअरच जवळपास तेवढी रुंद असते. उघडल्यावर मोकळी जागा 90 सेंटिमीटर हवी. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं ठेवा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं, मग मदतीला जाणारा बाहेरच राहतो.

रॅम्प आहे, पण चढता येत नाही

हिशोब सोपा आहे: 1 फूट उंचीला 12 फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर 18 फुटांचा रॅम्प लागतो. बऱ्याच ठिकाणी तो पाच-सहा फुटांत उरकलेला असतो. त्यावरून खुर्ची ढकलणाऱ्याचा दम निघतो, आणि उतरताना ती हातातून सुटायची भीती. सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन रॅम्प वळवा. दोन्ही बाजूंना कठडा द्या. गुळगुळीत पॉलिशचा ग्रॅनाइट तर पावसाळ्यात नकोच, खरखरीत फरशी घाला.

सगळ्यात जास्त चुका बाथरूममध्ये

दाराशी पाणी अडवायला केलेला दोन इंचांचा उंबरा खुर्चीला भिंतीसारखाच असतो. पाणी अडवायचं असेल तर जमिनीला उतार द्या. कमोडच्या एका बाजूला 90 सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, कारण खुर्ची शेजारी लावूनच माणूस सरकतो. आधाराला धरायचा दांडा टाइल्सवर व्हॅक्यूमने चिकटणारा कृपा करून लावू नका. त्यावर अख्ख्या शरीराचा भार येतो, तो भिंतीत पक्का बसवलेलाच हवा. आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची ठेवतात, तिचे पाय ओल्या फरशीवर फाकतात. त्याऐवजी भिंतीला घट्ट बसवलेलं बाक द्या.

आणि सगळं नीट बांधूनही हाउसकीपिंगमुळे बिघडतं. मदतीच्या घंटीची दोरी फरशीपर्यंत लोंबायला हवी, कारण पडलेला माणूस जमिनीवरूनच हात लांबवतो. पोछा मारताना अडचण होते म्हणून ती वर गुंडाळून ठेवलेली मी पाहिली आहे. याच बाथरूमात जादा बादल्या आणि मॉपही ठेवले जातात. महिन्यातून एकदा कुणाला तरी व्हीलचेअरवर बसवून दारापासून कमोडपर्यंत जायला सांगा, अडचणी आपोआप दिसतील.

फक्त व्हीलचेअरचाच विचार

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. ऐकू न येणाऱ्या पाहुण्यासाठी दाराच्या बेलसोबत आणि आगीच्या अलार्मसोबत दिवा लुकलुकायला हवा. बुकिंग फक्त फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवरही घ्या. न दिसणाऱ्यांसाठी खोलीचा क्रमांक उठावदार अक्षरांत लावा. मेनूचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नुसता फोटो उघडत असेल तर मोबाइल तो नीट वाचून दाखवेलच असं नाही, मजकूर लिहून टाका.

कर्मचाऱ्यांना न सांगणं

“यांना काय हवंय?” असं मला विचारू नका, आईला विचारा. तिला सगळं ऐकू येतं. खुर्ची उचलायची वेळ आली तर बसणाऱ्याने हात टेकायच्या दांड्यांना धरू नका, अनेक खुर्च्यांचे ते निघतात आणि माणूस पडतो. धरायचं ते खालच्या पक्क्या सांगाड्याला, तेही तिला विचारून.

वेबसाइटवर “दिव्यांगस्नेही” एवढंच लिहून थांबू नका. दाराची रुंदी, कमोडची उंची, पलंगाची उंची आणि बाथरूमचा एक साधा फोटो टाका. दोन पायऱ्या असतील तर तेही लिहा. पायऱ्या आहेत हे कळलं तर मी सोबत एक माणूस जास्त आणतो आणि आईला घेऊन येतो.