एनएडीएच आत जात नाही, त्याचे इलेक्ट्रॉन जातात: मॅलेट-ॲस्पार्टेट शटल कागदावर मांडा, क्युव्हेटमध्ये मोजा

ग्लायकोलिसिसमध्ये, म्हणजे ग्लुकोज तोडण्याच्या पहिल्या टप्प्यात, एका ग्लुकोजमागे पेशीद्रवात एनएडीएचचे दोन रेणू तयार होतात. एनएडीएच म्हणजे इलेक्ट्रॉन घेतलेलं एनएडी. त्यांच्याकडून एनएडी परत मिळालं नाही, तर ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजनेजची पायरी अडते आणि ग्लायकोलिसिस थांबतं. पण मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलातून एनएडीएच पार होत नाही. त्यामुळे पेशी बाहेर हे इलेक्ट्रॉन दुसऱ्या रेणूवर चढवते, तो रेणू आत पाठवते आणि तिथे ते उतरवून घेते. यकृत, हृदय आणि मेंदू यांत हे काम मुख्यतः मॅलेट-ॲस्पार्टेट शटल करतं. १९६३ मध्ये पीट बोर्स्ट यांनी ते सुचवलं. २०२० मध्ये सस्तन प्राण्यांत एनएडी आत नेणारा वाहक सापडला, त्यावरून काहींचा गोंधळ होतो. तो वाहक आतला एनएडीचा साठा भरतो. ग्लायकोलिसिसच्या वेगाने इलेक्ट्रॉन आत नेणं हे त्याचं काम नाही.

कागदावर

एकच उभी रेघ काढा. हे आतलं पटल. बाहेरच्या पटलातल्या पोरिनमधून हे सगळे छोटे रेणू आरामात जातात, म्हणून ते काढायची गरज नाही. रेघेच्या डावीकडे पेशीद्रव, उजवीकडे मॅट्रिक्स, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा आतला गाभा. आता या क्रमाने लिहा:

१. डावीकडे ऑक्झॅलोॲसिटेट एनएडीएचकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि मॅलेट होतं. एनएडी मोकळं झालं. एन्झाइम: पेशीद्रवातलं मॅलेट डिहायड्रोजनेज.
२. मॅलेट आत, त्याच्या बदल्यात अल्फा-कीटोग्लुटारेट बाहेर.
३. उजवीकडे मॅलेटचं पुन्हा ऑक्झॅलोॲसिटेट होतं आणि मॅट्रिक्समध्ये एनएडीएच तयार होतं. इलेक्ट्रॉन पोचले.
४. ऑक्झॅलोॲसिटेटला बाहेर जायला वाहक नाही. म्हणून ते ग्लुटामेटकडून अमिनो गट घेऊन ॲस्पार्टेट होतं आणि ग्लुटामेटचं अल्फा-कीटोग्लुटारेट होतं.
५. ॲस्पार्टेट बाहेर, त्याच्या बदल्यात ग्लुटामेट आणि सोबत एक प्रोटॉन आत.
६. डावीकडे ॲस्पार्टेट आणि अल्फा-कीटोग्लुटारेट यांच्यापासून ऑक्झॅलोॲसिटेट आणि ग्लुटामेट परत मिळतात.

मग ताळा करा. रेघ ओलांडणारे चारही सेंद्रिय रेणू एकमेकांना कापून गेले पाहिजेत. शिल्लक राहील ते एवढंच: डावीकडचं एक एनएडीएच गेलं, उजवीकडे एक आलं आणि एक प्रोटॉन आत आला. ताळा जमला नाही तर बहुधा मॅलेटची अदलाबदल ॲस्पार्टेटशी दाखवलेली असते. वाहक दोन आहेत आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत: मॅलेट आणि अल्फा-कीटोग्लुटारेट, ॲस्पार्टेट आणि ग्लुटामेट.

पाचव्या पायरीतला प्रोटॉन बहुतेक आकृत्यांत गाळलेला असतो, आणि सगळं शटल तर त्याच्याच जोरावर चालतं. यकृतात पेशीद्रवातलं मुक्त एनएडी आणि एनएडीएच यांचं गुणोत्तर सुमारे ७०० असतं, मॅट्रिक्समध्ये ते ८ च्या आसपास. म्हणजे इलेक्ट्रॉन चढावर न्यायचे आहेत. नुसत्या उलटसुलट होणाऱ्या अभिक्रियांनी हे जमणार नाही. आता विद्युतभार मोजा. ॲस्पार्टेट एक ऋणभार घेऊन बाहेर जातं, ग्लुटामेट आणि प्रोटॉन मिळून भार शून्य. आतली बाजू सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्टने ऋण असल्यामुळे ॲस्पार्टेट बाहेर ढकललं जातं आणि परत येऊ शकत नाही. ऊर्जित मायटोकॉन्ड्रियात एकदिशा असलेली पायरी ही एवढीच. बाकी पाच दोन्ही बाजूंनी चालतात.

एटीपीचा हिशेब

मॅट्रिक्समधल्या एका एनएडीएचमागे आतल्या पटलातली श्वसनसाखळी १० प्रोटॉन बाहेर फेकते आणि एका एटीपीला, फॉस्फेट व एडीपीची ने-आण धरून, साधारण ४ लागतात. म्हणून २.५. शटलने आत आलेल्या एनएडीएचमागे एक प्रोटॉन आधीच खर्च झालेला असतो, म्हणून ९ भागिले ४, म्हणजे २.२५. एका ग्लुकोजची बेरीज त्यामुळे ३२ ऐवजी ३१.५ येते. परीक्षेत ३२ च लिहा, पण हा अर्धा एटीपी कुठे गेला ते माहीत असू द्या. जुन्या पुस्तकांतले ३८ आणि ३६ हे आकडे एनएडीएचला ३ आणि एफएडीएच२ ला २ धरल्यामुळे येतात.

दुसरं शटल ग्लिसरॉल-३-फॉस्फेटचं. त्यात मॅट्रिक्समध्ये काहीच शिरत नाही. पेशीद्रवात डायहायड्रॉक्सिॲसिटोन फॉस्फेट इलेक्ट्रॉन घेऊन ग्लिसरॉल-३-फॉस्फेट होतं. आतल्या पटलाच्या बाहेरच्या अंगाला बसलेलं एफएडीयुक्त एन्झाइम ते इलेक्ट्रॉन थेट श्वसनसाखळीतल्या युबिक्विनोनला देतं. साखळीचा पहिला टप्पा, कॉम्प्लेक्स १, वगळला जातो, म्हणून ६ प्रोटॉन आणि १.५ एटीपी, एकूण ३०. एटीपी कमी, पण ही वाट परत फिरत नाही आणि वेगवान आहे. कीटकांच्या उडण्याच्या स्नायूंत हिचाच जोर असतो.

क्युव्हेटमध्ये

उंदराच्या यकृतातून मायटोकॉन्ड्रिया काढायचे तर आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. खाटकाकडून बकऱ्याचं यकृतही चालतं, पण ते कापल्याबरोबर बर्फगार बफरमध्ये पडलं पाहिजे. उबदार पिशवीत आणलेल्या यकृतावर वेळ घालवू नका.

बफर: सुक्रोज २५० मिलिमोलर, हेपीस १० मिलिमोलर, ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं) १ मिलिमोलर, पीएच ७.४. ऊती कात्रीने बारीक करून रक्त जाईपर्यंत धुवा. दर ग्रॅमला सुमारे १० मिलिलिटर बफर घेऊन काच-टेफ्लॉन होमोजनायझरमध्ये ४ ते ६ वेळा खालीवर करा. ६०० जी वर १० मिनिटं फिरवून तळ टाका, वरचा द्रव ७,००० जी वर १० मिनिटं फिरवून तळ ठेवा. दोनदा धुवा, आणि शेवटचं धुणं ईजीटीए नसलेल्या बफरने करा. सगळं ४ अंशांवर.

मोजणीचं माध्यम, क्युव्हेटमध्ये (शोषण मोजायच्या पारदर्शक कुपीत), ३० अंशांवर, १ मिलिलिटर: मॅनिटॉल ३०० मिलिमोलर, पोटॅशियम फॉस्फेट १०, ट्रिस १०, पोटॅशियम क्लोराइड १०, मॅग्नेशियम क्लोराइड ५, ॲस्पार्टेट २, एडीपी ०.२, एनएडीएच ०.१४ मिलिमोलर, पीएच ७.४. त्यात मॅलेट डिहायड्रोजनेज ४ युनिट आणि ॲस्पार्टेट ट्रान्सॲमिनेज ६ युनिट घाला. पेशीद्रवाची जागा ही दोन एन्झाइम घेतात. ३४० नॅनोमीटरवर (इथे एनएडीएच प्रकाश शोषतं, एनएडी शोषत नाही) शोषण सुमारे ०.८७ दिसायला हवं. तेवढं नसेल तर एनएडीएचचा साठा खराब आहे. तो रोज ताजा आणि किंचित अल्कधर्मी द्रावणात करा, आम्लात तो टिकत नाही.

आता ०.२ मिलिग्रॅम प्रथिनाइतके मायटोकॉन्ड्रिया घाला आणि ३ मिनिटं शोषणाचा उतार पाहा. हा मूळ दर. मग ग्लुटामेट १० आणि मॅलेट ५ मिलिमोलर घाला, पहिल्या काही मिनिटांचा उतार घ्या आणि त्यातून मूळ दर वजा करा. समजा मूळ उतार मिनिटाला ०.००५ आणि नंतरचा ०.०२५. फरक ०.०२०, भागिले ६.२२ (१ मिलिमोलर एनएडीएचचं शोषण), म्हणजे मिनिटाला ३.२ नॅनोमोल. ०.२ मिलिग्रॅमने भागल्यावर दर मिलिग्रॅमला १६. उशिराचा उतार घेऊ नका: एनएडी साचत जातं तसा तो आपोआप मंदावतो.

ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर हे मोजता येत नाही. ग्लुटामेट आणि मॅलेट स्वतःच आत जळतात, त्यामुळे श्वसन वाढलं म्हणजे शटल चाललं असं होत नाही.

कुठे फसतं

माध्यमात अल्फा-कीटोग्लुटारेट कधीच घालू नका. ते मायटोकॉन्ड्रियातूनच बाहेर यायला हवं. तुम्ही घातलंत तर बाहेरचं ट्रान्सॲमिनेज ॲस्पार्टेटपासून ऑक्झॅलोॲसिटेट बनवेल आणि एनएडीएच मायटोकॉन्ड्रियाशिवायच उतरेल. रेघ फार सुंदर येते, आणि तीच खोटी असते. म्हणून एक क्युव्हेट मायटोकॉन्ड्रियाविना नेहमी लावा.

मूळ दर जास्त येत असेल तर मायटोकॉन्ड्रिया फुटलेले आहेत आणि कॉम्प्लेक्स १ ला बाहेरचं एनएडीएच थेट मिळतंय. कॉम्प्लेक्स १ अडवणाऱ्या रोटेनोनने ही शंका फिटत नाही, कारण ते फुटलेल्यांचं ऑक्सिडेशन आणि शटल दोन्ही थांबवतं. नमुना बदला, होमोजनायझर हळू चालवा.

मायटोकॉन्ड्रिया फुगले की प्रकाश कमी विखुरतो आणि शोषण घसरतं. ते एनएडीएच संपल्यासारखं दिसतं. तेच सगळं एनएडीएचविना लावलेलं क्युव्हेट ही घसरण उघडी पाडतं.

मॅलेट डिहायड्रोजनेज आणि ट्रान्सॲमिनेज अमोनियम सल्फेटमध्ये मिळत असतील तर डायलिसिस करून घ्या. ग्लुटामेट, ॲस्पार्टेट आणि मॅलेट आम्लरूपात असतील तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ वर आणा, नाहीतर १० मिलिमोलर ग्लुटामिक आम्ल बफरला झोपवतं.

दर विनाकारण कमी असेल तर आधी ईजीटीएवर संशय घ्या. ॲस्पार्टेट-ग्लुटामेट वाहकाचं एक टोक पटलाबाहेर असतं आणि त्यावर कॅल्शियम बसतं. काही शे नॅनोमोलर कॅल्शियमनेही तो वेग घेतो, आणि ईजीटीए नेमकं तेवढंच काढून घेतं.

आता खात्री. १ मिलिमोलर अमिनोऑक्सिॲसिटेट काही मिनिटं आधी घाला. ते ट्रान्सॲमिनेज बंद करतं, म्हणून उतार मूळ दरावर यायला हवा. पण मला सगळ्यात पटणारी चाचणी एफसीसीपीची, म्हणजे पटलातून प्रोटॉन गळू देणाऱ्या रसायनाची. १ मायक्रोमोलर घातलं की पटलावरचा विभव जातो, ऑक्सिजनचा खप वाढतो आणि तरीही ३४० चा उतार मंदावतो. श्वसन वर आणि एनएडीएचचं ऑक्सिडेशन खाली, हे एकाच वेळी दिसलं तर ॲस्पार्टेट विभवाच्या जोरावरच बाहेर पडत होतं. शटल सोडून दुसऱ्या गळतीने हा नमुना सहज येत नाही.

ग्लिसरॉल-फॉस्फेट शटल तपासताना रोटेनोन मात्र कामाचं आहे: ते घालूनही हे शटल चालतं, साखळीत पुढचं कॉम्प्लेक्स ३ अडवणाऱ्या अँटिमायसिनने थांबतं. पेशीद्रवातलं ग्लिसरॉल-३-फॉस्फेट डिहायड्रोजनेज घाला, पण डायहायड्रॉक्सिॲसिटोन फॉस्फेट फक्त १० मायक्रोमोलर. सुरुवातीला शोषण ०.०६ ने झटकन उतरेल, तो शटलचा भाग नव्हे. त्यानंतर टिकून राहणारा उतार मोजा. उंदराच्या यकृतात हा दर थायरॉइड संप्रेरकावर बराच हलतो, म्हणून प्राण्यांच्या गटांत ती स्थिती सारखी ठेवा.

प्राण्याची निवडही निकाल बदलते. माणसाच्या यकृतात मायटोकॉन्ड्रियातलं ग्लिसरॉल-फॉस्फेट डिहायड्रोजनेज कमी, लहान उंदराच्या यकृतात भरपूर. यकृतातल्या ॲस्पार्टेट-ग्लुटामेट वाहकाला सिट्रिन म्हणतात. तो नसलेली माणसं आजारी पडतात आणि पुष्कळदा पिष्टमय पदार्थ टाळून शेंगदाणे, मांस, चरबी यांकडे वळतात. सिट्रिन काढलेला उंदीर मात्र जवळजवळ ठणठणीत राहतो. दुसरं शटलही काढल्यावरच त्याच्यात रोगासारखी लक्षणं दिसली.

वनस्पतींचे किंवा यीस्टचे मायटोकॉन्ड्रिया घेणार असाल तर वरची मोजणी तशीच वापरू नका. त्यांच्या आतल्या पटलाच्या बाहेरच्या अंगाला रोटेनोनला न जुमानणारं एनएडीएच डिहायड्रोजनेज असतं, आणि मूळ दरच इतका मोठा येतो की त्यातून शटलचा फरक काढणं कठीण होतं.