भाड्याच्या घरी गाडीचं काम: घरमालकाची हरकत असेल तर काय करावं

आपल्या गाडीचं काम आपल्या हातानं करणाऱ्याला भाड्याच्या घरात कधी ना कधी ऐकावं लागतं, ‘इथे गॅरेज उघडू नका.’ बोलणं टोचतं, कारण आपण फक्त ऑइल बदलत असतो. पण घरमालकाच्या डोळ्यांसमोर असतात काळे डाग, विटांवर चढवून महिनोन्‌महिने न हललेली गाडी आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. आपलं काम या चित्रापासून जितकं लांब राहील तितकी परवानगी मिळण्याची आणि टिकण्याची शक्यता वाढते. इथे सांगितलेली पद्धत उघडपणे काम करण्याची आहे. लपूनछपून केलेल्या कामात अनामत रक्कम जाते, कधी घरही जातं.

आधी करार वाचा

भाडेकरार काढा आणि पार्किंग, वाहन दुरुस्ती, ज्वलनशील पदार्थ आणि शेजाऱ्यांना होणारा उपद्रव यांबद्दलची कलमं शोधा. काही करारांत दुरुस्तीला पूर्ण मनाई असते. काहींत फक्त ‘मोठ्या’ दुरुस्तीला असते आणि मोठी म्हणजे काय ते लिहिलेलं नसतं. काहींत नुसतं एवढंच असतं की बंद पडलेली गाडी आवारात ठेवू नये. करारात मनाईच नसेल तर घरमालकाच्या तोंडी हरकतीचं वजन कमी होतं, पण संपत नाही; करार वाढवायचा की नाही हे शेवटी त्यांच्या हातात असतं. शिवाय इमारतीचे किंवा वसाहतीचे वेगळे नियम असू शकतात. तेही बघा, कारण ते घरमालकावरही बंधनकारक असतात.

हरकत नेमकी कशाला आहे ते विचारा

वाद घालण्याआधी शांतपणे विचारा, ‘तुम्हाला नेमकी काळजी कशाची वाटते?’ उत्तर बहुतेक वेळा डाग, आग, कुणाला झालेली इजा किंवा आवाज आणि पसारा यांपैकी एक असतं. कधीकधी अडचण त्यांच्या विम्याची असते. आवारात गाडीची दुरुस्ती चालू असताना काही झालं तर भरपाई मिळणार नाही, अशी अट असेल तर त्यांच्या नकाराला कारण आहे आणि तिथे आग्रह धरू नये.

बाकीच्या काळज्यांवर उपाय निघतो. तो बोलून सोडू नका, लिहून द्या. मजकूर साधा ठेवा:

‘मी फक्त माझ्या नावावरच्या एका गाडीची नेहमीची देखभाल करीन: ऑइल, फिल्टर, बॅटरी, वायपर, ब्रेक पॅड. काम दिवसाउजेडी सुरू करून त्याच दिवशी संपवीन. गाडी रात्रभर उचललेली राहणार नाही. वेल्डिंग, रंगकाम आणि इंधनाच्या टाकीचं काम इथे करणार नाही. जुनं ऑइल आवारात साठवणार नाही. जमिनीवर डाग पडल्यास माझ्या खर्चानं काढून देईन.’

‘गाडीचं थोडं काम करू का?’ या प्रश्नाला सहसा नकारच येतो, कारण ‘थोडं’ म्हणजे किती ते त्यांना कळत नाही. कामांची नावं वाचली की भीती कमी होते. होकार आला तर तो लेखी घ्या. संदेशातून आलेलं उत्तरही जपून ठेवा. त्याच दिवशी पार्किंगच्या जागेचे, आधीपासून असलेल्या डागांसह, तारीख दिसेल असे फोटो काढा.

कुठलं काम इथे, कुठलं बाहेर

गाडी न उचलता होणारी कामं पुष्कळ आहेत: एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपर, बल्ब, फ्यूज, बॅटरी, बऱ्याच गाड्यांचे स्पार्क प्लग, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं छोटं यंत्र) लावून बिघाडाचा कोड वाचणं. घरमालक नवीन असतील तर सुरुवात यांनीच करा. बॅटरी काढताना आधी ऋण टोकाची वायर सोडवायची आणि बसवताना तीच शेवटी जोडायची, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

क्लच, गिअरबॉक्स, इंजिन उतरवणं, सस्पेन्शनच्या दाबलेल्या स्प्रिंगा, एसीचा गॅस, एअरबॅग आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या, केबल यांना भाड्याच्या जागेत हात लावू नये. घरमालक राजी असले तरीही.

गाडी अडकून पडणार नाही याची तयारी

माझ्या मते भाडेकरूचा सगळ्यात मोठा शत्रू अर्धवट राहिलेलं काम आहे. डाग पुसता येतो, पण चाक काढलेली गाडी चार दिवस उभी राहिली की सगळा विश्वास जातो. म्हणून सगळे भाग हातात आल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका, आणि आलेला भाग जुन्याशी ताडून बघा. गंजलेल्या बोल्टवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ब्रेकच्या भागांवर मात्र ते उडू देऊ नका. काम सकाळी लवकर सुरू करा. बोल्ट तुटला तर दुकानं उघडी असताना कळायला हवं. अडकलेला नट सोडवायला इम्पॅक्ट गनऐवजी लांब दांड्याचा पाना वापरा, आवाजच होत नाही.

जमीन सांभाळा

काँक्रीट सच्छिद्र असतं, ऑइल आत मुरतं. डांबराचं दुखणं आणखी वेगळं आहे. डांबर पेट्रोलियमपासूनच बनतं, त्यामुळे पेट्रोल, डिझेल किंवा ऑइल सांडलं की ते मऊ पडून उखडतं. खाली जाड ताडपत्री, तिच्यावर पुठ्ठा आणि त्यावर काठ असलेला पसरट ट्रे, अशी तीन थरांची बैठक करा. जॅक आणि स्टँड मात्र ताडपत्रीवर कधीच ठेवू नका, घसरतात.

सांडलंच तर पाणी ओतू नका, डाग पसरतो. लाकडाचा भुसा किंवा मांजरासाठी मिळणारी माती टाकून बुटानं रगडा, काही तास राहू द्या, मग झाडून घ्या. उरलेल्या डागावर कपडे धुण्याची पावडर आणि कडक ब्रश चालवा आणि ते पाणी पुन्हा भुशानंच टिपा. पावसाच्या पाण्याची गटारं बऱ्याच ठिकाणी थेट ओढ्यानाल्यात जातात.

ऑइल बदलणं, न उचलता

भाडेकरूनं एकच खास हत्यार घ्यायचं तर ऑइल ओढून घेणारा हातपंप घ्यावा. ऑइल मोजायच्या पट्टीच्या नळीतून हे काम वरूनच होतं.

१. इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा आणि ऑइल खाली उतरू द्या. इंजिन उघड्यावरच चालवा. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास असतो ना रंग, आणि तो जीव घेतो.

२. पट्टी काढून पंपाची नळी तळाला लागेपर्यंत आत सोडा आणि ऑइल ओढा. निघालेलं ऑइल मोजा. छोट्या-मध्यम गाड्यांत साधारण ३ ते ५ लिटर असतं. नक्की आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. बरंच कमी निघालं तर नळी फिरवून पुन्हा ओढा. काही गाड्यांत पट्टीच नसते किंवा नळी तळापर्यंत जात नाही. तिथे हा मार्ग चालत नाही.

३. फिल्टर सैल करण्याआधी त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, म्हणजे ओघळ पिशवीत पडेल. फिल्टर खालून काढावा लागत असेल तर उचलण्याचे पुढचे नियम पाळा. जुन्या फिल्टरचं रबरी वायसर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना, हे बोटानं तपासा. एकावर एक दोन वायसर बसले तर इंजिन सुरू करताच सगळं ऑइल जमिनीवर येऊ शकतं. नव्याच्या वायसरला थोडं ऑइल लावा आणि फिल्टर हातानंच घट्ट करा.

४. पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, थांबा, मग पट्टी बघत दोन खुणांच्या मध्ये आणा.

त्या रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर थेंब दिसला तर गळती आहे.

उचलावीच लागली तर

ब्रेक पॅडसाठी चाक काढावं लागतं. जमीन उताराची किंवा मऊ असेल तर ते काम इथे करूच नका. सपाट, कडक जागी हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावा आणि गाडी लगेच वजन पेलणाऱ्या जॅक स्टँडवर उतरवा. उन्हानं मऊ झालेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात, म्हणून खाली जाड प्लायवूडचा तुकडा द्या. आता गाडी हातानं जोरात ढकलून बघा. हलायची असेल तर ती आत्ता हलू दे, तुम्ही खाली असताना नको. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरू नये. गाडीसोबत येणारा जॅक फक्त पंक्चर झालेलं चाक बदलण्यापुरता असतो.

ब्रेकची धूळ हवेच्या झोतानं उडवू नका. ओल्या फडक्यानं पुसा. चाक परत बसवल्यावर नट टॉर्क रेंचनं (किती जोरानं आवळलं ते मोजणाऱ्या पान्यानं), पुस्तिकेतल्या मापानं आवळा. आवारात लहान मुलं असतील तर गाडी उचललेली असेपर्यंत एक मोठा माणूस तिथून हलता कामा नये.

जुनं ऑइल आणि कूलंट

जुनं ऑइल झाकणबंद डब्यात भरा, त्यात दुसरं काही मिसळू नका आणि जुनं ऑइल घेणाऱ्या केंद्रात किंवा गॅरेजमध्ये पोहोचवा. कूलंटबाबत, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाबाबत, जास्त काळजी घ्या. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानंही मरतात. मुलांनाही तोच धोका. उघडं भांडं एक मिनिटही सोडून जाऊ नका.

उत्तर ‘नाही’च असेल तर

लेखी नकार आला की त्या जागेत काम थांबवा. काही गावांत तासाच्या भाड्यानं लिफ्ट आणि हत्यारं देणारी गॅरेजं असतात. स्वतःची जागा असलेल्या मित्राकडे महिन्यातून एक सकाळ मागता येते. घरी येणारा मेकॅनिक बोलवायचा विचार असेल तर तेही आधी विचारून घ्या. धंदेवाइकाचं काम चालवून घेणारे पण भाडेकरूच्या हाताला नको म्हणणारे घरमालक असतात. आणि पुढचं घर बघताना पार्किंगची जमीन, तिचा उतार आणि दुरुस्तीचं कलम सही करण्याआधी बघा. त्या वेळी घरमालकाला भाडेकरू हवा असतो, त्यामुळे हे कलम बदलून घ्यायचं असेल तर ते तेव्हाच मागावं.