थंडीत कोमट पाण्याने गाडी धुताना

कोमट पाण्याचा पहिला फायदा गाडीपेक्षा धुणाऱ्याच्या हाताला होतो. गार पाण्यात बोटं बधिर झाली की कापडाखाली अडकलेला वाळूचा कण जाणवत नाही, आणि बधिर हात नकळत जोरही जास्त लावतो. उन्हात गाडी उभी केल्यावर रंगावर जे बारीक गोल ओरखडे चमकतात, ते बहुतेक असेच पडलेले असतात. शिवाय रस्त्यावरचा तेलकट राप गार पाण्याला दाद देत नाही, शॅम्पूही नीट विरघळत नाही.

पाणी किती गरम हवं? 35 ते 40 अंश, त्याहून जास्त नको. 10 अंशांचं 8 लिटर पाणी बादलीत आधी घ्या आणि त्यात उकळीला आलेलं 4 लिटर पाणी ओता, म्हणजे मिश्रण 40 अंशांच्या आसपास येतं. थर्मामीटर नसेल तर तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं कोपर बुडवून बघा. उघड्यावर बादली भराभर निवते, म्हणून काही लिटर कढत पाणी झाकून बाजूला ठेवा आणि लागेल तसं मिसळा. पाणी रॉडने तापवत असाल, तर प्लग काढल्याशिवाय त्या पाण्यात बोटसुद्धा घालू नका.

कढत पाणी थेट गाडीवर कधीच ओतू नये, पुढच्या काचेवर तर मुळीच नाही. काचेचा बाहेरचा थर झटकन प्रसरण पावतो, आतला गारच राहतो आणि त्या ताणाने काच तडकते. आधीच खडा लागून टवका उडालेला असेल, तर तडा तिथूनच सुरू होतो. काचेवर बर्फ जमला असेल तर तो प्लास्टिकच्या खरवडणीने काढा किंवा इंजिन चालू करून आतून गरम हवा सोडा. रंगावरचा मेणाचा थरही कढत पाण्याने मऊ पडतो.

वेळ दुपारची निवडा. हवा 5 अंशांच्या वर असावी आणि ऊन उतरायच्या आत गाडी पुसून कोरडी व्हायला हवी. पारा शून्याखाली असेल तर धुण्याचा बेत पुढे ढकला. फरशीवर सांडलेलं पाणी गोठलं की आधी माणूसच घसरतो. गाडी नुकती चालवून आणली असेल तर अर्धा तास थांबा, कारण ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते.

बादल्या दोन लागतात: एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत कापड खंगाळायला साधं कोमट पाणी. शॅम्पू गाडीचाच घ्या आणि प्रमाण बाटलीवर दिलेलं पाळा. भांड्यांचा साबण राप काढतो, पण मेणही काढून नेतो. कापड मायक्रोफायबरचं, शक्यतो हातमोज्यासारखं असावं. चाकांसाठी वेगळं कापड ठेवा, कारण ब्रेकची काळी भुकटी एकदा त्यात बसली की ते कापड रंगावर चालत नाही.

सुरुवात चाकांपासून करा, म्हणजे त्यांचे शिंतोडे धुतलेल्या दारांवर उडणार नाहीत. मग कापड न लावता सगळ्या गाडीवर वरून खाली कोमट पाणी सोडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. या थांबण्यात वाळलेला चिखल स्वतःहून सुटतो. इथे घाई केली तर तीच माती पुढे रंगावर घासली जाते. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकत असतील, तर चाकांच्या कमानींच्या आत आणि गाडीच्या पोटाखाली भरपूर पाणी मारा, कारण गंज तिथूनच धरतो.

आता आधी टप, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा पट्टा. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नको. एक भाग झाला की कापड साध्या पाण्यात खंगाळा आणि तो भाग लगेच धुऊन टाका. ते पाणी गढूळ झालं की बदला. दोन बादल्यांचा सारा उपयोग त्यातच आहे.

पुसणं हे थंडीतलं सर्वांत महत्त्वाचं काम. मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरून पाणी टिपून घ्या, घासू नका. मग दारं, डिकी आणि इंधनाचं झाकण उघडून कडा आणि रबरं कोरडी करा. रबरात राहिलेलं पाणी रात्री गोठतं, आणि सकाळी दार ओढलं की रबर फाटून हातात येतं. पुसलेल्या रबरावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जाण्याची बारीक छिद्रं असतात, ती चिखलाने बुजली असतील तर प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा. कुलुपात पाणी गेलं असेल तर कुलपांसाठी मिळणारा स्प्रे मारून किल्ली दोन-तीनदा फिरवा.

गाडी लगेच बंद करून ठेवू नका. रिकाम्या रस्त्यावर पाच-दहा मिनिटं हळू चालवा आणि अधूनमधून ब्रेक हलकेच दाबा, म्हणजे डिस्क आणि ड्रम कोरडे होतील. ओला हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवला तर सकाळी चाक जाम सापडतं. कडाक्याच्या थंडीत हँडब्रेक न ओढता सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी वर, आणि चाकाला ओट, म्हणजे दगड किंवा लाकडाचा अडसर, लावा.