पुट ऑफ : आधी कर्म बघा

फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि ऑफ, आउट, अप असा छोटा शब्द मिळून वेगळाच अर्थ देणारी इंग्रजी जोडी, शिकायची म्हटलं की नवी मुलं आधी यादी शोधतात. 'पाचशे फ्रेजल व्हर्ब, मराठी अर्थासह' अशी एखादी पीडीएफ मिळते, रोज दहा पाठ करायचा बेत ठरतो. मग पुट ऑफ, पुट आउट, पुट अप आणि पुट अवे यांची अशी खिचडी होते की ऐन वेळी एकही तोंडावर येत नाही. मी मराठी माध्यमातून शिकलो आणि पुण्यात ग्राहकसेवेच्या कामाला लागलो. ब्रिटिश ग्राहकांच्या मेलना उत्तरं द्यायची, एवढंच काम. आता नव्यांचे मेल बाहेर जाण्याआधी माझ्याकडे तपासायला येतात. ते वाचून वाचून एक मत पक्कं झालंय: यादी बाजूला ठेवा, एक क्रियापद धरा आणि त्याचा पिच्छा पुरवा. इथे मी पुट ऑफ घेतलंय, कारण ते ऑफिसात सतत लागतं.

आपल्या 'लागणे'कडे जरा बघा. भूक लागली, आग लागली, नोकरी लागली, ठेच लागली, नळाला पाणी यायला लागलं. या सगळ्याचे अर्थ आपण कधी यादी करून पाठ केले नाहीत. सोबत कोणता शब्द आलाय त्यावरून अर्थ कळतो. पुट ऑफचंही तेच आहे. 'पुट ऑफ म्हणजे काय?' हा प्रश्न अर्धवट आहे. 'काय पुट ऑफ केलं, की कुणाला?' असं विचारलं की निम्मं काम झालं.

कर्म जर काम, बैठक, परीक्षा किंवा सहल असेल, तर अर्थ पुढे ढकलणे. 'वी हॅव पुट ऑफ द ट्रिप टिल डिसेंबर.' सहल डिसेंबरवर ढकलली. 'डोन्ट पुट इट ऑफ एनी लाँगर.' आता आणखी लांबवू नकोस. मागे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लावायचं: 'आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट.' दाताच्या डॉक्टरकडे जायचं मी टाळतच आलोय. इथे 'पुट ऑफ टू गो' असं होत नाही. भूतकाळातही रूप पुटच राहतं. 'पुटेड' हा शब्द माझ्याकडे येणाऱ्या मेलमध्ये अजून सापडतो.

कॉल ऑफ याच्या शेजारचं वाटतं, पण त्याची जात वेगळी. पुट ऑफ केलेली बैठक कधीतरी होणार आहे, कॉल ऑफ केलेली होणारच नाही. हा घोटाळा महागात पडतो, कारण समोरचा माणूस आपली दुपार मोकळी करून बसतो.

आता अर्थापेक्षा नाजूक भाग. एका नव्या मुलीने ग्राहकाला लिहिलेला मसुदा माझ्यापुढे आला: 'वी हॅव पुट ऑफ युवर इन्स्टॉलेशन टू थर्सडे.' व्याकरणात काही खोट नाही. पण पुट ऑफला बरेचदा टाळाटाळीचा वास असतो. नको असलेलं, कंटाळवाणं काम माणूस पुट ऑफ करतो. ज्याच्या घरी मशीन बसायचंय त्याला ते वाक्य 'तुमचं काम आम्ही मागे टाकलं' असं ऐकू येऊ शकतं. आम्ही ते बदलून 'वी हॅव मूव्ह्ड युवर इन्स्टॉलेशन टू थर्सडे, द ट्वेल्थ' असं केलं आणि पुढे कारण एका ओळीत दिलं. स्वतःच्या आळसाबद्दल बोलताना पुट ऑफ खुशाल वापरा. ग्राहकाच्या कामाबद्दल लिहिताना मूव्ह, रीशेड्यूल किंवा पोस्टपोन बरं.

तारखेचा विषय निघालाच आहे तर 'ब्रिंग फॉरवर्ड'बद्दल सांगतो. फॉरवर्ड म्हणजे पुढे आणि मराठीत बैठक पुढे गेली म्हणजे उशिरा गेली. त्यामुळे आपली माणसं ब्रिंग फॉरवर्डचा अर्थ हमखास उलटा लावतात. ब्रिंग फॉरवर्ड म्हणजे ठरल्यापेक्षा आधी घेणे. आपण ज्याला प्रीपोन म्हणतो ते. प्रीपोन ऑक्सफर्डच्या कोशात आहे, पण भारतीय इंग्रजी असा शिक्का मारून. लंडनचा माणूस त्यावर अडखळू शकतो. उशिरा न्यायचं असेल तर 'पुश बॅक'. आणि काहीही वापरलं तरी नवी तारीख आणि वार लिहायचाच. त्याने निम्मे गोंधळ जन्मालाच येत नाहीत.

कर्म माणूस असेल तेव्हा खरी मजा आहे, कारण तिथे दोन वाटा फुटतात. 'द लँडलॉर्ड कीप्स पुटिंग मी ऑफ.' म्हणजे घरमालक मला नुसता झुलवतोय, आज देतो उद्या देतो करतोय. हे आपल्या ओळखीचं. दुसरी वाट मन उडण्याची. 'द स्मेल पुट मी ऑफ माय लंच.' त्या वासाने जेवणावरची वासनाच उडाली. 'डोन्ट लेट द प्राइस पुट यू ऑफ.' किंमत बघून मागे फिरू नका. इथे कुणी काही पुढे ढकलत नाही. पाठ केलेला 'पुढे ढकलणे' हा अर्थ घेऊन ही वाक्यं वाचायला गेलात तर डोकं फिरेल. ओळखायचं कसं? कर्ता बघा. माणूस माणसाला पुट ऑफ करत असेल तर बहुधा टोलवाटोलवी. वास, किंमत, वागणूक, पावसाळी हवा अशी गोष्ट माणसाला पुट ऑफ करत असेल तर मन उडणं. ब्रिटिश लोक तिसऱ्या अर्थानेही वापरतात: 'स्टॉप स्टेअरिंग, यू आर पुटिंग मी ऑफ.' असा टक लावून बघू नकोस, माझं लक्ष विचलित होतंय. 'ऑफ-पुटिंग' हे विशेषण यातूनच आलं. एखाद्याच्या बोलण्याची पद्धत ऑफ-पुटिंग आहे म्हणजे ऐकताक्षणी नकोसं वाटावं अशी.

आपल्याकडे वर्गात 'पुट ऑफ द फॅन' सर्रास ऐकू येतं. आपसात चालतं. पण बाहेरच्यांशी बोलताना टर्न ऑफ किंवा स्विच ऑफ म्हणावं. आणि विषयांतर होतंय तरी सांगतो, मुलाखतीत 'आय पास्ड आउट इन 2019' म्हणू नका. परदेशी कानाला ते 'मला 2019 मध्ये भोवळ आली' असं लागतं. 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा.

शब्दांची जागा हा पुढचा अडथळा. नाम असेल तर दोन्ही चालतं: 'पुट ऑफ द मीटिंग' किंवा 'पुट द मीटिंग ऑफ.' सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: 'पुट इट ऑफ.' 'पुट ऑफ इट' चूक. सगळ्या जोड्या मात्र अशा फुटत नाहीत. 'लुक आफ्टर हर' बरोबर आणि 'लुक हर आफ्टर' चूक. हे पाठ करत बसायची गरज नाही. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश उघडा. तिथे 'समथिंग' किंवा 'समबडी' हे शब्द जोडीच्या मध्ये छापलेत की शेवटी, एवढं बघा. मध्ये असतील तर सर्वनाम मध्ये, शेवटी असतील तर शेवटी. हे कोश ऑनलाइन फुकट आहेत. तरी मुलं अर्थ वाचतात आणि ही सर्वांत उपयोगी खूण ओलांडून जातात, याचं मला नवल वाटतं.

उच्चारातही एक खुबी आहे. 'वी हॅड टू पुट इट ऑफ' म्हणताना जोर ऑफवर येतो. आपण पुटवर जोर देतो आणि ऑफ गिळून टाकतो. मग फोनवरच्या माणसाला 'वी हॅड टू पुट इट' एवढंच ऐकू येतं आणि तो विचारतो, कुठे ठेवलं?

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांसाठी थोडंसं. बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. तिथे पुट ऑफ सहज आलं तर शोभतं. निबंधात पोस्टपोन किंवा डिले जास्त बरं दिसतं. तोंडी परीक्षेत चार जोड्या कोंबून वाक्य घडवू नका, ते लगेच कळतं.

सराव म्हणून एका क्रियापदाची स्वतःच्या आयुष्यातली वाक्यं लिहा: लांबवलेलं बिल, झुलवणारा दुकानदार, वासाने नकोशी झालेली भाजी. ती मोठ्याने म्हणा. पुट ऑफ अंगवळणी पडलं की टर्न डाउन घ्या. 'टर्न डाउन द म्युझिक', 'टर्न डाउन द ऑफर' आणि 'शी टर्न्ड हिम डाउन' ही तीन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा आणि कोशात न बघता, नुसत्या कर्मावरून तिन्हींचे अर्थ लावून पाहा.